राज्यशास्त्राचे अध्यापन आणि मराठी शब्द

राज्यशास्त्राच्या इतिहासात ग्रंथकारांची नोंद होते, अध्यापकांची क्वचितच होते. ग्रंथ ग्रंथालयात उरतात. वर्गात उच्चारलेले शब्द मात्र विद्यार्थ्यांच्या बोलण्यात मिसळून जातात व कालांतराने त्यांचा उगम सांगता येत नाही. म्हणून महाराष्ट्रात शासनसंस्था व राजकीय तत्त्वज्ञान यांचे अध्यापन कसे सुरू झाले याचा विचार करताना, ते कोणत्या भाषेत झाले हा प्रश्न दुय्यम मानता येत नाही. प्रस्तुत लेखात एका थोर अध्यापकाची कारकीर्द व त्यानंतर दोन-तीन शब्दांचे चरित्र, या दोन अंगांनी या प्रश्नाकडे पाहण्याचा विचार आहे.

तो अध्यापक म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचा जन्म 1866 साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. 1884 साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि 1886 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याचे ते व्रत होते. फर्ग्युसन महाविद्यालय 1885 साली निघाले होते. मनुष्यबळ थोडे व विषय अनेक, अशी त्याची स्थिती होती. गोखल्यांनी प्रथम इंग्रजी साहित्य शिकविले, टिळक 1890 साली संस्था सोडून गेल्यावर गणित शिकविले व पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय हाती घेतले. सांगितला तो विषय शिकविणारा प्राध्यापक, असा त्यांचा काहीसा थट्टेने उल्लेख होत असे. तथापि या थट्टेत एक तथ्य दडलेले आहे. राज्यशास्त्र हा स्वतंत्र विषय त्या काळी आपल्याकडे नव्हताच. तो इंग्रजी साहित्याच्या तासाला बर्कच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथाच्या रूपाने येई, इतिहासाच्या तासाला इंग्लंडच्या संसदेच्या रूपाने येई आणि अर्थशास्त्राच्या तासाला करपद्धतीच्या रूपाने येई.

या तिन्ही वाटा गोखल्यांच्या ठायी एकत्र आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल व आकडे वाचण्याची कठोर शिस्त अंगी बाणवली होती. 1897 साली वेल्बी आयोगापुढे त्यांनी लंडनला साक्ष दिली, तेव्हा ते महाविद्यालयातील प्राध्यापकच होते व त्यांचे वय एकतीस वर्षांचेही झालेले नव्हते. 1902 साली त्यांनी अध्यापन सोडले. परंतु कायदे कौन्सिलातील त्यांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांना वर्गातील व्याख्यानाचीच घडण आहे. 1905 साली स्थापलेल्या भारत सेवक समाजात तरुण सभासदांना अभ्यासक्रम होता, हेही त्यांच्यातील अध्यापकाचेच लक्षण म्हणावे लागेल.

मात्र हे सारे अध्यापन इंग्रजीत झाले. याच महाविद्यालयात गोपाळ गणेश आगरकर शिकवीत होते. आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ पत्र काढले, तेव्हा त्याची इंग्रजी बाजू गोखल्यांकडे व मराठी बाजू स्वतः आगरकरांकडे होती. ही वाटणी अर्थपूर्ण आहे. ज्या आगरकरांनी मराठी वाक्यमीमांसेवर ग्रंथ लिहिला, त्यांनाही राजकीय विचार मराठीत मांडण्यासाठी वर्गाबाहेर, वृत्तपत्रात यावे लागले. त्यापूर्वी 1848 पासून लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ पत्रातील पत्रांतून तेच केले होते. तात्पर्य, मराठीची राजकीय परिभाषा विद्यापीठात घडली नाही. ती वृत्तपत्रात, सभेत आणि त्याहीपूर्वी दप्तरात घडली. विद्यापीठाने ती पुढे स्वीकारली. पण स्वीकारताना तिचा इतिहास तपासला नाही.

उदाहरणार्थ, ‘हक्क’ हा शब्द घ्यावा. मुळात तो अरबी. सत्य, यथार्थ व न्याय्य असे त्याचे अर्थ. मराठी दप्तरात मात्र ‘हक्क’ म्हणजे वतनदाराला मिळणारे ठरीव उत्पन्न. पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, देशमुखाचा हक्क हे सर्व वेगवेगळे, वंशपरंपरागत व म्हणूनच विषम होते. आज संविधानाच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ असे म्हटले आहे. हिंदी पाठात त्याच ठिकाणी ‘मूल अधिकार’ आहे. मराठीने ‘अधिकार’ हा शब्द सत्तेसाठी व ‘हक्क’ हा व्यक्तीसाठी राखून एक उपयुक्त भेद साधला. परंतु जो शब्द विषमतेचे नाव होता तोच समतेचे नाव व्हावा, ही उलथापालथ केवळ कोशाने झालेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, तेव्हा वतनाच्या नावाखाली चाललेल्या राबणुकीविरुद्ध त्यांना माणसाच्या हक्काची भूमिका घ्यावी लागली. ही कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा 1958 साली झाला. शब्दाचा अर्थ बदलण्यास कायदा व चळवळ या दोहोंची गरज लागली.

दुसरा शब्द ‘सार्वभौम’. पाणिनीच्या व्युत्पत्तीप्रमाणे सर्व भूमीचा जो ईश्वर, तो सार्वभौम. म्हणजे चक्रवर्ती राजा. या शब्दात विस्ताराची कल्पना आहे. बोदँने 1576 साली जी संकल्पना मांडली तिच्यात विस्तार गौण आहे. आपल्या सीमेच्या आत दुसऱ्या कोणत्याही सत्तेला दुय्यम नसणे हे तिचे मर्म आहे. लहानसे राज्यही सार्वभौम असू शकते, हे विधान विद्यार्थ्याला विचित्र वाटते. तो दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. शब्दातील जुना अर्थ त्याला आत खेचत असतो, इतकेच.

तिसरा शब्द ‘लोकशाही’. हिंदीने ‘लोकतंत्र’ केले. मराठीने संस्कृत ‘लोक’ शब्दाला फारसी ‘शाही’ जोडली. शुद्धतावाद्यांना हा संकर खटकेल. पण ज्या मुलखात निजामशाही व आदिलशाही सोलापूरच्या किल्ल्यासाठी झगडल्या, तेथील माणसाला ‘शाही’ म्हणजे कोणाची तरी सत्ता, हे शिकवावे लागत नाही. आता ती सत्ता लोकांची, एवढेच सांगणे उरते.

हे विवेचन केवळ शब्दकौतुक नाही. माढा तालुक्यातील मोडनिंबचा विद्यार्थी पूर्वी बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद गाडीने कुर्डुवाडीस येऊन पुढे सोलापूरची वा पुण्याची वाट धरी. त्याच्या जिल्ह्याची महाविद्यालये प्रथम मुंबई, 1949 पासून पुणे, 1962 पासून शिवाजी व 2004 पासून सोलापूर विद्यापीठाशी संलग्न झाली. विद्यापीठ क्रमाने घराजवळ आले. शिक्षणाची भाषाही मराठी झाली. भाषा संचालनालयाने 1960 नंतर परिभाषा सिद्ध केली, नागपूरच्या ग्रंथनिर्मिती मंडळाने पाठ्यपुस्तके काढली. तरीही अनुभव असा की, उत्तरपत्रिकेत ‘हक्क’ची व्याख्या पाठ लिहिणारा विद्यार्थी घरी ‘हक्काचे पाणी’ व ‘हक्काचा माणूस’ हे शब्द सहज वापरतो आणि या दोहोंचा काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानी कोणी आणून दिलेले नसते. पाण्याच्या पाळीवरील भांडणात राज्यशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम सामावलेला आहे. तो भाग तेवढा परीक्षेस नसतो.

गोखल्यांना बर्क इंग्रजीत शिकवावा लागला, हा त्यांच्या काळाचा प्रश्न होता. आपला प्रश्न निराळा आहे. आपल्याला मराठी शब्द मिळाले आहेत. परंतु भाषांतरित परिभाषा म्हणजेच मराठीत विचार, असे समजण्याची चूक आपण करीत आहोत. ‘शास्त्र’, ‘शासन’ व ‘शिष्य’ हे तिन्ही शब्द एकाच ‘शास्’ धातूपासून निघाले आहेत. त्या धातूचे अर्थ शिकविणे, राज्य करणे व दंड करणे असे आहेत. राज्यशास्त्राच्या अध्यापकाने यांपैकी पहिल्या अर्थाशी एकनिष्ठ राहावयाचे असेल, तर शब्दाची व्याख्या देण्यापूर्वी त्याने तो शब्द विद्यार्थ्याच्या गावी काय करतो, हे विचारले पाहिजे.