माहितीचा अधिकार : अर्जात 'का' विचारू नका, कागद मागा

मालवण : धूपप्रतिबंधक बंधारा अर्धवट राहिला, पाखाडी वर्षात उखडली, 2021 च्या तौक्ते वादळात माड पडले पण भरपाई आली नाही. नाक्यावर चर्चा खूप होते, हातात कागद मात्र नसतो. तो मिळवायचा रस्ता म्हणजे माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात असा कायदा 2002 पासून होता, केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला.

अर्ज कोणाकडे?
ग्रामपंचायतीच्या कामासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक), इतर कामांसाठी त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. कार्यालय चुकले तरी अर्ज 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. जोडपत्र 'अ' भरून 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना फी नाही, दाखला जोडावा. विषय एकच, मजकूर 150 शब्दांत. माहिती कशाला हवी, हे सांगावे लागत नाही. पोच घेतल्याशिवाय निघू नका.

काय मागाल?
बरेच अर्ज इथेच फसतात. 'काम निकृष्ट का झाले?' याला उत्तर मिळत नाही, कारण कायद्याने दप्तरात आहे तेच द्यायचे असते. त्यापेक्षा कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेल्या बिलांच्या प्रती मागा. कामाचे नाव आणि वर्ष नक्की लिहा. भरपाईसाठी आपल्या नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत मागा. फाईल समोर बसून पाहता येते, पहिला तास फुकट. बांधकामाच्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो.

दिवस मोजा
उत्तर 30 दिवसांत, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. साध्या प्रतीला पानाला 2 रुपये. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते.

उत्तर नाही आले किंवा अर्धवट आले तर 30 दिवसांत त्याच खात्याच्या वरिष्ठांकडे पहिले अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही काम झाले नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरे अपील. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो. आयोगाकडे वेळ लागतो, म्हणून अर्ज, पोच, पाकिटे सगळे जपून ठेवा.

मिळालेला कागद पेटीत ठेवून उपयोग नाही. गावच्या कामाचा असेल तर ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या.