जमिनीच्या पोटांतील साक्ष

इ. स. १९१३ सालीं कॅनडांतील विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना येथें काँक्रीटचें एक प्रचंड धान्यकोठार उभें राहिलें. १० लक्ष बुशेल, म्हणजे सुमारें २७ हजार टन गहूं मावेल, एवढी त्याची ऐपत. पायाच्या खड्ड्यांत लहानशा पाटावर वजन ठेवून माती पारखली होती. ती टणक ठरली. परंतु १८ ऑक्टोबर रोजीं, कोठार बरेचसें भरलें असतां, तें खचूं लागलें आणि एका दिवसांत जवळजवळ २७ अंशांनीं कलंडलें. कोठ्या मात्र बहुतेक अभंग राहिल्या! अर्थात् दोष बांधकामाचा नव्हता. पुढें मोठ्या कौशल्यानें तें सरळ करण्यांत आलें.

खरा उलगडा १९५१ सालीं झाला. जवळच खोल भोंकें पाडून, मातीची मूळ घडण न मोडतां, नळींतून नमुने वर काढले. टणक थराखालीं मऊ चिकणमाती निघाली. तिच्या बळाचें गणित कोसळतेवेळच्या भाराशीं जवळजवळ जुळलें. लहान पाटाचा भार वरच्या थरांतच विरतो. विशाल इमारतीचा खोलवर पोंचतो.

भोंकांचा खर्च वांचवावा असें ज्यास वाटेल, त्यानें ट्रान्सकोनाचा जमाखर्च आठवावा.