एकोणीस वर्षांचा आरोपी युवा न्यायालयात कसा?

* लेखकाने हे गृहीतच धरले आहे. मराठी वाचक मात्र इथे अडखळेल. जर्मनीच्या १९५३ च्या युवा न्यायालय कायद्यात १८ पूर्ण, पण २१ च्या आतल्यांचा वेगळा गट आहे. गुन्ह्याच्या वेळी आरोपीची नैतिक व मानसिक वाढ अल्पवयीनाइतकीच असेल किंवा गुन्हाच पोरवयाला साजेसा असेल, तर कलम १०५ नुसार त्याला अल्पवयीनांचा कायदा लागतो. म्हणजे तो सुटतो, असे नव्हे. कैद १० वर्षांपर्यंत, अतिगंभीर खुनात १५ वर्षांपर्यंत होऊ शकते. आपल्याकडे १८ नंतरच्या गुन्ह्याला बाल न्याय कायदा लागत नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे कलम ६ एकविशीच्या आतल्यांना कैदेतून शक्यतो वाचवते, पण जन्मठेपेस पात्र गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. — संपा.