तंबूपर्यंत चालत गेलेला खेळाडू

आज मी दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरून बोलतोय. हा जुना कर्झन रोड. नवं महाराष्ट्र सदन इथेच आहे. फिरोजशहा कोटला मैदानही फार लांब नाही. रमण लांबा दिल्लीकडून खेळायचा, कोटला त्याचं घरचं मैदान. त्याची गोष्ट सांगायची आहे, पण आधी १९६२ सालात जाऊ.

मार्च महिना, बार्बाडोस. चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. कवटी फुटली. वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलने रक्त दिलं. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी यांनीही दिलं. नरी वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही.

आता १९९८, ढाका. लांबा शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय उभा होता. फलंदाजाचा फटका थेट डोक्यावर आला. तो उठला, चालत तंबूत गेला आणि काही वेळातच कोसळला. डोक्यात रक्तस्राव झाला होता. तीन दिवसांनी, २३ फेब्रुवारीला तो गेला. वय फक्त ३८.

प्रत्येक मार असा जीवघेणा नसतो. बऱ्याचदा मेंदू आत नुसता हादरतो. त्याला कन्कशन म्हणतात. पण हादरा की रक्तस्राव, हे मैदानावर कुणालाच सांगता येत नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, हादरा पूर्णपणे थांबवत नाही. लक्षणं उशिराही दिसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथ मार लागल्यावर तपासणी करून पुन्हा फलंदाजीला आला. त्रास दुसऱ्या दिवशी जाणवला. त्याच महिन्यात लागू झालेल्या नियमामुळे त्याच्या जागी लाबुशेन खेळला.

मोठ्यांना आज बदली खेळाडू मिळतो. गल्लीतल्या, शाळेतल्या पोराला मात्र आपण अजून म्हणतो, 'काही नाही झालं, ऊठ, खेळ!' फौजेत उमेदीची वर्षं घालवलेला मी, जिद्दीची किंमत मला ठाऊक आहे. पण डोक्याला मार लागलेल्याने स्वतःचा पंच होऊ नये.

म्हणून पालकांनो, सरांनो, मूल गोंधळलं, डोकं दुखतंय म्हणालं, चक्कर आली, घडलेलं विसरलं, तर त्या दिवशी खेळ बंद. डॉक्टरांना दाखवा. एकटं सोडू नका. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, शुद्ध हरपणं किंवा जागं न होणं दिसलं, तर थेट इस्पितळ गाठा. पुन्हा मैदानात उतरणं डॉक्टरांच्या परवानगीने, टप्प्याटप्प्याने.

सामना पुढच्या रविवारीही असतो.