तळटीप : 'दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे'

१२. हा उल्लेख रामदास कदम यांच्या निर्णयाचा. खेडचे (रत्नागिरी) शिवसेनेचे आमदार, २००५ ते २००९ विधानसभेत विरोधी पक्षनेते, पुढे विधान परिषदेवर आणि २०१४ ते २०१९ राज्याचे पर्यावरणमंत्री. मात्र कदमांचे नाव लोकांच्या लक्षात राहिले ते प्लॅस्टिकबंदीमुळे. २३ मार्च २०१८ ची अधिसूचना २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याखाली निघाली आणि तीन महिन्यांच्या सवलतीनंतर दंड सुरू झाला : पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार व तीन महिने कैद. गाजला तो दंड. पण अधिसूचनेतला महत्त्वाचा भाग पुनर्खरेदीचा होता, असे आम्हांस वाटते. दुधाची पिशवी ५० मायक्रॉनहून जाड असावी, तिच्यावर किमान पन्नास पैसे परतीची किंमत छापावी आणि रिकामी पिशवी दुकानदाराने परत घ्यावी, अशी ती योजना. दौंडसारख्या दूधपट्ट्यात तिचा अर्थ सहज कळावा. अडचण बारीक होती. पिशवी फोडताना कात्रीने उडवलेला कोपरा थेट मोरीत जातो, उरलेली पिशवी न धुता ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबते, आणि अशी वास मारणारी पिशवी कोणता दुकानदार गल्ल्याशेजारी ठेवून घेईल? बाटल्या, पुठ्ठा, पत्रा भंगारवाला पूर्वीपासूनच नेत होता, त्याला मंत्रालयाची परवानगी लागली नव्हती. — संपा.