उलट्या बोलांचा जादूगार

सुटी लागण्याआधी वर्गातील एका चिरंजीवांकडून चित्रकथेचे पुस्तक जप्त केले आणि, खरे सांगायचे तर, मधल्या सुटीत मीच ते वाचून काढले. पुस्तक परत घेताना तो म्हणाला, "सर, जादू येते तर जादूगार हरतोच कसा?" प्रश्न पोरकट खराच, पण अमेरिकेतील चित्रकथाकार त्याच प्रश्नाशी झटत आले आहेत.

१९३४ साली ली फॉक यांचा मँड्रेक वृत्तपत्रांतून अवतरला. इंद्रजाल मालिकेमुळे तो आपल्या घरांतही पोचला. त्याची जादू मुख्यत्वे नजरबंदीची. शत्रूला हातातल्या पिस्तुलाच्या जागी साप दिसे; पिस्तूल मात्र पिस्तूलच राही.

जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला, हे सर्वांना ठाऊक. त्याच अंकात फ्रेड गार्डिनीर यांचा झटाराही होता, हे फारसे कुणाच्या ध्यानात नाही. उंच टोपी, काळा कोट; दिसायला मँड्रेकचा धाकटा भाऊच! पण कायदा निराळा. झटारा शब्द उलटे उच्चारी आणि ते खरे होत. मराठीत 'दार उघड' ऐवजी 'रदा डघउ' म्हणावे, तसे. आपण लहानपणी च-ची भाषा बोलत होतो, त्यातलाच प्रकार. मात्र तोंडात बोळा कोंबला की जादू संपली! शक्ती ठरली तिथेच दुबळेपणाही ठरला.

१९४० मधल्या बिली बॅटसनला 'शझाम' हा एकच शब्द पुरे. मुलाचा महावीर त्यानेच होई आणि महावीराचा मुलगाही त्यानेच. १९६३ च्या डॉक्टर स्ट्रेंजला तेवढ्याने भागत नसे. अपघातात हात निकामी झालेला हा शल्यवैद्य गुरूपाशी राहून विद्या शिकला, आणि परलोकीच्या शक्तींना हाक मारून बळ उसने आणू लागला.

झटाराचे नाव मागे पडले होते. १९६४ साली गार्डनर फॉक्स यांनी त्याची मुलगी झटाना आणली. तीही उलटेच बोले. हरवलेल्या बापाला शोधत ती निरनिराळ्या वीरांच्या पुस्तकांतून फिरली. १९६७ मध्ये भेट झाली.

पुढे १९८६ साली ॲलन मूर यांच्या 'स्वॅम्प थिंग'च्या पन्नासाव्या अंकात मांत्रिक हातात हात धरून बसलेले असतात. एक जण जळून जातो. मग तो दाह झटानाकडे वळतो. बाप तो स्वतःवर ओढून घेतो आणि जळून मरतो.

हे मी त्या पोराला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण सर, त्याने 'विझ' उलटे का नाही म्हटले?"

तेवढ्यात तासाची घंटा झाली.