खुळखुळणारी रायफल

सेवाग्रामच्या इतक्या जवळ, सेलूत उभं राहून रायफलीवर बोलायचं म्हणजे जरा संकोच वाटतो. पण याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं दारूगोळ्याचं मोठं भांडार आहे, तेव्हा विषय तुम्हाला अगदीच परका नाही.

एसएलआर वापरलेल्या निवृत्त जवानाला किंवा पोलिसाला विचारून बघा. रायफल हातात घेऊन हलवली आणि तिचा वरचा नि खालचा भाग एकमेकांवर खुळखुळला, की तो म्हणणार, ‘ही गेली कामातून.’ खरंच गेली का? बंडीचं चाक आसावर थोडं डुगडुगतं, म्हणून कापूस बाजारात पोचायचा राहत नाही. उलट ते चाक आसावर गच्च बसवलं, तर बैलच खाली बसतील.

गच्चपणाची किंमत कॅनडाच्या सैनिकांनी मोजली. १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रच्या लढाईत त्यांच्याकडे रॉस रायफल होती. नेमाला उत्तम, पण काडतूस बसायची जागा फार घट्ट. भरभर गोळीबार केला, त्यात चिखल गेला, की बोल्ट अडकायचा. लाथ मारून उघडावा लागे. त्या पोरांनी मेलेल्या इंग्रज सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. १९१६ पर्यंत आघाडीवरच्या पायदळाकडून रॉस काढून घेतली गेली.

ली-एनफिल्ड म्हणजे आपली ‘थ्री नॉट थ्री’. तिचा बोल्ट उघडा ठेवला तर चांगला हलतो. पण बोल्ट बंद झाल्यावर त्याचं तोंड आणि काडतूस यांच्यातलं अंतर मात्र मोजून ठेवलेलं असतं. म्हणून तर बोल्टवर त्याच रायफलीचा नंबर ठोकलेला असे. नंबर ४ या प्रकारात बोल्टचं डोकं ०, १, २, ३ अशा चार मापांत मिळे. अंतर वाढलं, की आर्मरर पुढचं माप लावून बघे. इथला सैलपणा म्हणजे काडतूस फुटून गरम वायू तोंडावर येण्याची भीती.

१९६२ ला चीनसमोर आपल्या जवानांच्या हाती हीच बोल्टची रायफल होती. त्यानंतर ईशापूरची एसएलआर आली, मूळ बेल्जियमच्या एफएएलवरून घेतलेली. तिचे दोन भाग बिजागरीवर दुमडून उघडतात. अमेरिकन एम-१६ चेही दोन भाग आहेत, दोन पिनांनी जोडलेले. दोन्ही खुळखुळतात. पण फरक बघा. एम-१६ मध्ये नळी, बोल्ट, पुढची माशी आणि मागची खाच, सगळं वरच्या भागावर आहे. खाली राहतात चाप, दस्ता आणि मॅगझीन. खालचा भाग थोडा हलला तरी माशी, खाच आणि नळी यांचं नातं तेच राहतं. अमेरिकन मंडळी यावर पुष्कळ डोकेफोड करतात, माझ्या मते बरीचशी फुकट.

एसएलआरची गोष्ट वेगळी. पुढची माशी नळीच्या बाजूला, म्हणजे वरच्या भागावर. आणि मागची खाच खालच्या भागावर. नेमाची रेषा नेमकी त्या सैल सांध्यावरून जाते! दोन्हींतलं अंतर साधारण ५५ सेंटिमीटर. समजा खाच अर्धा मिलीमीटर सरकली. ३०० मीटरवर गोळी सुमारे २७ सेंटिमीटर चुकेल. म्हणजे छातीवर धरलेला नेम खांद्याच्याही बाहेर.

तरीसुद्धा आवाज ऐकून निकाल देऊ नये. दर वेळी दस्ता खांद्याला सारखाच दाबला, तर सांधाही बहुधा एकाच जागी टेकतो. लष्करात इन्सास आल्यावर जुन्या एसएलआर पोलिसांकडे राहिल्या. शिपायाला रायफल देताना ती हलवून दाखवण्यापेक्षा पाच गोळ्या कागदावर मारून दाखवा. एकाच ठिकाणी पडल्या तर खुळखुळ राहू द्या. दर गोळी नवी जागा शोधत असेल, तर ती आर्मररकडे परत गेलीच पाहिजे, कारण उद्या त्या शिपायाचा जीव तिच्यावर आहे.

मागून कुणीतरी एके-४७ चं विचारलं. ती मोकळी असते हे खरं, पण मोकळीक आहे ती मागेपुढे धावणाऱ्या भागाभोवती, धूळ-काजळीला जागा मिळावी म्हणून. बोल्ट जिथे वळून कुलूपबंद होतो, तिथे कलाश्निकोव्हनेही मोकळीक दिलेली नाही.